सिडेशन म्हणजे झोप नव्हे

'डॉक्टर, मला पूर्ण झोपवा आणि काय ते एकदाच उरकून टाका. पण सुई मात्र नको!' दातांच्या दवाखान्यात हे वाक्य सतत कानावर पडतं. याच्या अगदी उलट बोलणारेही तितकेच भेटतात. 'सिडेशन वगैरे काही नको. दात काढायला म्हणून झोपवलं आणि माणूस उठलाच नाही, असं ऐकलंय आम्ही.' पहिल्याला सिडेशन हा सगळ्या त्रासावरचा रामबाण उपाय वाटतो, दुसऱ्याला त्यात जीव जाण्याची धास्ती वाटते. दोघांच्या मनातली समजूत मात्र एकच आहे. सिडेशन दिलं की माणूस गाढ झोपतो, त्याला काही कळत नाही आणि काही दुखत नाही.

या समजुतीतली तिन्ही विधानं चुकीची आहेत. वर्षानुवर्षं समजावूनही ती पुसली जात नाही, याचा वैताग येतो, कारण तिची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. झोपेचा हट्ट धरणारा रुग्ण 'आमच्याकडे काहीच कळणार नाही' असं आश्वासन देणारा दवाखाना शोधत फिरतो आणि तिथे श्वासावर लक्ष ठेवायला कुणी आहे का, हे विचारतही नाही. घाबरणारा रुग्ण ठणकणारी दाढ लवंगेच्या तेलावर आणि वेदनाशामक गोळ्यांवर ढकलत नेतो. खालच्या दाढेचा जंतुसंसर्ग जिभेखाली आणि गळ्यात उतरून श्वास कोंडू लागला, की मग रात्री रुग्णालय गाठावं लागतं. तेव्हा ज्या संपूर्ण भुलीला तो घाबरत होता, तीच बिकट परिस्थितीत द्यावी लागते.

म्हणून आधी सिडेशन म्हणजे नेमकं काय, ते नीट पाहू.

जागेपणाच्या पातळ्या

शुद्ध आणि बेशुद्ध अशा दोनच अवस्था असतात, असं आपण धरून चालतो. अमेरिकन सोसायटी ऑफ अनेस्थेशिऑलॉजिस्ट्स या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली यातल्या चार पातळ्यांची व्याख्या ठरवून दिली. पहिली पातळी हलक्या सिडेशनची. माणूस जागा असतो, बोलतो, फक्त निवांत झालेला असतो. दुसरी मध्यम. डोळे मिटतात, पेंग येते, पण 'तोंड उघडा' म्हटलं किंवा खांद्याला हलकेच हात लावला की तो समजून प्रतिसाद देतो आणि श्वास स्वतःचा स्वतः नीट घेतो. तिसरी खोल. इथे सहज जाग येत नाही. पुन्हा पुन्हा हलवावं लागतं किंवा दुखेल असं काही केलं तरच प्रतिसाद मिळतो, आणि श्वासमार्ग मोकळा ठेवायला मदत लागू शकते. चौथी म्हणजे जनरल अनेस्थेशिया, संपूर्ण भूल. वेदनेनेही जाग येत नाही आणि श्वासाची जबाबदारी बहुतेक वेळा भूलतज्ज्ञाला घ्यावी लागते.

दातांच्या खुर्चीत दिलं जाणारं सिडेशन बहुतांशी पहिल्या दोन पातळ्यांचं असतं. ब्रिटनमध्ये दंतवैद्यकातल्या सिडेशनची व्याख्याच अशी आहे की, रुग्णाशी बोलणं शेवटपर्यंत चालू राहिलं पाहिजे. तो उत्तर द्यायचा थांबला, तर ते त्या व्याख्येत बसत नाही.

मग 'मला झोपवलं होतं, काही म्हणजे काही कळलं नाही' असं शपथेवर सांगणारी माणसं खोटं बोलतात का? अजिबात नाही. शिरेतून देण्याच्या सिडेशनमध्ये सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे मिडाझोलॅम. ते भीती कमी करतं, गुंगी आणतं आणि औषध दिल्यानंतरच्या काळातल्या घटनांची आठवण मेंदूत साठू देत नाही. रुग्ण त्या वेळी तोंड उघडत असतो, सांगितल्यावर मान वळवत असतो, 'ठीक आहे का?' असं विचारलं की हुंकार देत असतो. घरी गेल्यावर यातलं काहीच त्याला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे आपण झोपलो होतो, असा निष्कर्ष तो काढतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना तसंच सांगतो. ही समजूत पसरण्यामागे या विस्मरणाचा मोठा वाटा आहे.

डॉक्टरांना तुम्ही जागे का हवे असता

पोटाची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया करणारा सर्जन श्वासाच्या वाटेपासून दूर काम करतो. दंतवैद्याची कामाची जागा आणि रुग्णाची श्वासाची वाट एकच असते. तिथे पाण्याचा फवारा उडत असतो, रक्त येत असतं, दाताचे तुकडे, कापसाचे बोळे आणि बारीक अवजारं असतात. जागा माणूस घशात काही उतरलं की गिळतो किंवा खोकून बाहेर टाकतो. त्याचा खोकला हा त्याचा पहारेकरी असतो. सिडेशन जितकं खोल, तितका हा पहारा ढिला. जीभ मागे पडते, घसा कोंडतो आणि रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो.

शिवाय या चार पातळ्यांच्या मध्ये भिंती नाहीत. सिडेशन हा घाटाचा उतार आहे, त्यावर गाडी हव्या त्या वळणावर थांबेलच याची हमी नसते. एकाच मात्रेने एक माणूस नुसता निवांत होतो, तर दुसरा गाढ गुंगीत जातो. वय, यकृताचं काम, आधीपासून चालू असलेली औषधं, घोरण्याची सवय, या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. म्हणूनच मध्यम सिडेशन देणाऱ्याला त्याच्या पुढच्या, खोल पातळीत गेलेल्या रुग्णाला सावरता आलं पाहिजे, असा दंडक आहे. मुद्दाम खोल झोपवायचं असेल, तर दात काढणाऱ्याव्यतिरिक्त श्वासावर लक्ष ठेवणारा प्रशिक्षित माणूस तिथे हवाच.

ब्रिटनने हा धडा गांभीर्याने घेतला. २००१ सालाच्या अखेरीपासून तिथे दातांसाठी संपूर्ण भूल फक्त रुग्णालयातच देता येते. खुर्चीत सगळ्यांना गाढ झोपवणं ही प्रगती असती, तर इतक्या प्रगत देशाने ती दवाखान्यांतून काढून घेतली नसती.

सुई चुकत नाही

'झोपवा, पण सुई नको' या मागणीतला दुसरा भाग तर अधिकच चुकीचा आहे. सिडेशन भीतीवर काम करतं. वेदना थांबवण्याचं काम हिरडीत दिलेल्या सुईचं. मिडाझोलॅममध्ये वेदना थांबवण्याचा गुण नाही. सुईतलं लिग्नोकेन मज्जातंतूच्या आवरणातले सोडियमचे मार्ग बंद करतं, त्यामुळे दाढेचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. सिडेशन घेतलेल्या रुग्णालाही ही सुई दिली जाते. फरक एवढाच की तिची धास्ती वाटत नाही आणि नंतर ती आठवतही नाही. संपूर्ण भूल दिलेल्या रुग्णालासुद्धा अनेकदा जागेवर सुई देतात, कारण जाग आल्यानंतरचे पहिले काही तास त्यामुळे सुसह्य जातात.

दंतवैद्यकाच्या इतिहासातला एक प्रसिद्ध प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली आणि त्यांना जवळजवळ काहीच दुखलं नाही. पुढच्याच महिन्यात बोस्टनमध्ये वैद्यकीय मंडळींसमोर त्यांनी हाच प्रयोग दुसऱ्या रुग्णावर करून दाखवला. तेव्हा रुग्ण ओरडला आणि वेल्स यांची हेटाळणी झाली. हा गॅस वेदना काहीशी कमी करतो, पण एकट्या त्याच्या भरवशावर प्रत्येकाचा दात वेदनेविना निघेल असं नाही. लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं आणि १९४८ साली बाजारात आलं. बिनदुखीची दाढ सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यात आणणाऱ्या औषधांमध्ये त्याचं स्थान फार मोठं आहे. साध्या सुईला कमी लेखू नका.

'पण मला भूल चढतच नाही' असं म्हणणाऱ्यांचा अनुभव खरा असतो. सुजलेल्या, पू झालेल्या भागात आम्लता वाढलेली असते आणि त्या आम्लतेत लिग्नोकेनचा फारच थोडा अंश मज्जातंतूच्या आत शिरू शकतो. अशा वेळी मज्जातंतू सुजेपासून दूर, वरच्या बाजूला बधिर करणं, आधी पू काढून सूज उतरवणं किंवा आर्टिकेनसारखं दुसरं औषध वापरणं, हे मार्ग आहेत. दाढ ठणकायला लागल्यावर आठवडे घालवले नाहीत, तर ही वेळ बहुधा येतच नाही.

मग पर्याय कोणते?

पहिला नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनचा, ज्याला सगळे नुसतं 'गॅस' म्हणतात. नाकावर मऊ मास्क बसवतात. तीन ते पाच मिनिटांत अंग हलकं वाटतं, हातापायांना मुंग्या येतात, भीती ओसरते. दंतवैद्यकातल्या यंत्रांची रचना अशी असते की ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली जातच नाही. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. म्हणजे रुग्णाला नेहमीपेक्षा जास्तच ऑक्सिजन मिळतो. काम संपल्यावर काही मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात आणि गॅस फुप्फुसांतून निघून जातो. नाक चोंदलेलं असेल तर मात्र याचा उपयोग नाही. गरोदरपणाचे पहिले तीन महिने, नुकतीच डोळ्यात वायू भरण्याची शस्त्रक्रिया झालेली असणं, फुप्फुसांचा जुना आजार, बी-१२ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता, यांपैकी काही असेल तर ते आधी सांगायलाच हवं. नायट्रस ऑक्साइड बी-१२ निष्क्रिय करतो, त्यामुळे शुद्ध शाकाहारी घरांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

दुसरा पर्याय गोळीचा, लहान मुलांसाठी तोंडाने द्यायच्या द्रव औषधाचा. औषध देण्यासाठी शिरेत सुई टोचावी लागत नाही ही सोय. पण पोटातून रक्तात किती औषध उतरेल याचा नेमका अंदाज नसतो, आणि एकदा गिळल्यावर मात्रा कमी करता येत नाही. काही मुलं मिडाझोलॅमने शांत व्हायच्या ऐवजी उलट चिडतात, रडतात. ही ज्ञात प्रतिक्रिया आहे, मुलाचा हट्टीपणा नव्हे.

तिसरा पर्याय शिरेतून देण्याचा. औषध थेंबाथेंबाने वाढवता येतं, म्हणून हवी ती पातळी गाठणं सोपं जातं. मिडाझोलॅमचा परिणाम उतरवणारं फ्लुमाझेनिल हे औषध आहे. प्रोपोफॉलला असा कोणताही उतारा नाही, म्हणूनच ते भूलतज्ज्ञाच्याच हातात शोभतं.

चौथा पर्याय रुग्णालयातल्या संपूर्ण भुलीचा. तो काही वेळा सर्वांत योग्य असतो, हेही ठणकावून सांगितलं पाहिजे. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या तोंडातले बहुतेक दात किडले असतील, गतिमंद किंवा स्वमग्न रुग्णाला खुर्चीत बसणं अशक्य असेल, जबड्यावर मोठी शस्त्रक्रिया असेल, तर अनुभवी भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली एकाच बैठकीत सगळं करणं शहाणपणाचं आहे. ज्याला एका अक्कलदाढेची धास्ती वाटते, त्याला मात्र याची गरज क्वचितच असते.

धोका खरा कुठे असतो

'माणूस उठलाच नाही' या भीतीला काहीच आधार नाही, असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. चार्ल्स कोटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'पेडिएट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात सिडेशननंतर मुलांमध्ये घडलेल्या ९५ गंभीर घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत ५१ मुलं दगावली होती आणि ९ जणांना मज्जासंस्थेची कायमची इजा झाली होती. सुरुवात बहुतेक वेळा श्वास बिघडण्याने झाली होती. रुग्णालयाबाहेर सिडेशन दिलेल्या मुलांची अवस्था अधिक वाईट झाली, कारण तिथे देखरेख अपुरी होती आणि बिघाड झाल्यावर सावरणं जमलं नव्हतं. याच गटाने औषधांचा वेगळा अभ्यास केला. त्यात दिसलं की दोष कोणत्याही एका औषधाचा किंवा ते देण्याच्या मार्गाचा नव्हता. जास्त मात्रा, तीन किंवा अधिक औषधांची सरमिसळ, प्रशिक्षण नसलेल्या माणसाने किंवा घरीच दिलेलं औषध, ही कारणं पुन्हा पुन्हा आढळली.

मला हा अभ्यास सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून रुग्णाने काय विचारायचं ते कळतं. 'सिडेशन सुरक्षित आहे का?' हा प्रश्न अर्धवट आहे. कोण देणार, कुठे देणार आणि त्या वेळी माझ्या श्वासाकडे कोण बघणार, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात

*सुई घ्यायची आहे, म्हणून उपाशी यायचं.* नुसती जागेवरची सुई असेल तर पोटभर खाऊन या. रिकाम्या पोटी आणि घाबरलेल्या अवस्थेत चक्कर येते. मधुमेहींनी तर हे कटाक्षाने पाळावं.

*सिडेशनआधी 'फक्त चहा' चालतो.* आपला दुधाचा चहा चालत नाही. शिरेतलं सिडेशन किंवा संपूर्ण भूल असेल तर पाण्यासाठी २ तास, दूध किंवा हलक्या नाश्त्यासाठी ६ तास आणि तेलकट जेवणासाठी ८ तास, असा सर्वमान्य नियम आहे. पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ नये, हे त्यामागचं कारण.

*घरची झोपेची गोळी किंवा थोडी दारू घेऊन आलं की काम भागतं.* कृपा करून असं कधीही करू नका. दारू आणि गुंगीची औषधं एकत्र आली की श्वास मंदावतो, आणि डॉक्टरांना त्याची कल्पनाही नसते.

*रक्तदाब आणि हृदयविकार असणाऱ्यांना सिडेशन चालत नाही.* अनेकदा उलट असतं. भेदरलेल्या माणसाच्या शरीरात अड्रेनॅलिन उसळतं आणि हृदयावर ताण येतो. निवांत माणसाचा रक्तदाब आटोक्यात राहतो. निर्णय मात्र फिजिशियनच्या सल्ल्यानेच घ्यावा.

*मला भुलीच्या सुईची ॲलर्जी आहे.* लिग्नोकेनची खरी ॲलर्जी अतिशय दुर्मीळ आहे. छातीत धडधडलं ते बहुधा सुईतल्या अड्रेनॅलिनमुळे, डोळ्यांपुढे अंधारी आली ती भीतीमुळे. तरीही घडलं ते तपशिलाने सांगा.

*मुलाला भूल दिली की बुद्धी मंदावते.* अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली दिलेला इशारा तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त दिलेल्या भुलीबद्दल आहे. अर्भकांना साधारण तासाभराची एकच भूल दिली, तर पाच वर्षांच्या वयात बुद्ध्यांकावर परिणाम दिसत नाही, असं 'लॅन्सेट'ने २०१९ साली छापलेल्या सात देशांतल्या अभ्यासात आढळलं.

*वरची दाढ काढली की नजर जाते.* दाढेचा मज्जातंतू वेगळा, डोळ्याचा वेगळा. दाढ काढल्याने नजर कमी होत नाही.

*सिडेशनची सवय लागते.* वैद्यकीय देखरेखीखाली कधीतरी घेतलेल्या एका मात्रेने व्यसन लागत नाही.

*काम झालं की गाडी काढून घरी जाता येतं.* गॅस घेतलेले प्रौढ पूर्ण सावरल्यावर जाऊ शकतात. गोळी किंवा शिरेतलं औषध घेतलं असेल तर सोबत जबाबदार माणूस हवाच. पुढचे २४ तास गाडी नाही, कुठल्या कागदावर सही नाही.

भीती सांगा, प्रश्न विचारा

दातांच्या उपचारांची भीती वाटणं ही लाजण्याची गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये २००९ साली झालेल्या मौखिक आरोग्याच्या सर्वेक्षणात १२ टक्के प्रौढांना ही भीती अतितीव्र स्वरूपात असल्याचं दिसलं. तिथे ती मोजायला साधी पाच प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. आपल्याकडे मात्र भीती लपवून 'वेळ मिळाला नाही' असं सांगण्याची पद्धत आहे. पहिल्याच भेटीत 'मला भीती वाटते' असं स्पष्ट बोललात, तर अर्धी वाट तिथेच सरते. मग हिरडीवर आधी बधिर करणारं जेल लावता येतं, सुई सावकाश देता येते, हात वर केला की थांबायचं असं ठरवता येतं. पुष्कळ लोकांना एवढ्यानेच पुरतं आणि सिडेशनची गरजच उरत नाही.

गरज पडली, तर सही करण्याआधी हे विचारा. माझं सिडेशन कोणत्या पातळीचं असेल? औषध कोण देणार, आणि दात काढत असताना माझ्याकडे कोण बघणार? पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन आणि औषधाचा उतारा इथे आहे का? बिघडलं तर मला कुठल्या रुग्णालयात नेणार? घोरत असाल, चालू औषधं असतील, गरोदर असाल, तर न विचारताही सांगा.

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही, तो शांतपणे उत्तरं देतो. उत्तरं टाळली गेली किंवा 'तुम्ही फक्त झोपा, बाकी आमच्यावर सोडा' असं सांगितलं गेलं, तर खुर्चीतून उठा आणि दुसरा दवाखाना गाठा. दाढेचे उपचार मात्र टाळू नका.